नव्या घरात वाडा आणायचा तर

घराला वाड्याचं रूप हवं असलेली माणसं बहुतेक वेळा दर्शनी भागापासून सुरुवात करतात. महिरप, पितळी गोलांचा दरवाजा, काळ्या दगडाच्या पातळ चकत्या, आणि मागे नेहमीचाच स्लॅब. हा क्रम उलटा आहे. वाडा आतून बाहेर येतो. आधी चौक, म्हणजे घराच्या मधलं उघडं अंगण, मग खण, मग लाकूड आणि चुना. नक्षी शेवटी.

नकाशा काढण्याआधी टेप आणि वही घेऊन जुन्या नाशकात फिरा. सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा निदान बाहेरून तरी नीट बघा. जोत्याची उंची, पायऱ्यांची रुंदी, दोन खांबांमधलं अंतर, खांबाची जाडी आणि उंची, कोनाड्यांची मापं लिहून घ्या. सुंदरनारायण (१७५६) आणि नारोशंकर (१७४७) ही मंदिरंही सरकारवाड्याच्याच, म्हणजे अठराव्या शतकातली. तिथे दगडाचे सांधे किती बारीक आहेत ते पाहा, पण शिखर, आमलक, देवकोष्ठ घरावर आणू नका. ती देवळाची भाषा आहे. सिन्नरचं गोंदेश्वर तर यादवकाळातलं, त्याची घडणच निराळी. एका घरात एकच काळ धरा.

चौकाची बाजू किमान १० फूट हवी. भोवतीच्या भिंती दुमजली, म्हणजे साधारण २० फूट उंच असतील, तर १४-१५ फूट धरा, नाहीतर चौकाची विहीर होते आणि खालच्या खोल्यांत भर दुपारी दिवे लागतात. महापालिकेचे सामासिक अंतराचे (हद्दीपासून सोडायच्या मोकळ्या जागेचे) आणि अंतर्गत चौकाचे नियम आर्किटेक्टकडून आधीच तपासून घ्या. लहान प्लॉटवर सगळं बसत नसेल तर चौक मागे सरकवून तीन बाजूंनी ओसरी ठेवली तरी चालते.

पाण्याचा हिशेब मात्र इथेच करावा लागतो. १५ फुटांच्या चौकात चारही बाजूंची १० फुटांची छपरं उतरत असतील तर ३५ बाय ३५ फूट, म्हणजे सुमारे ११४ चौरस मीटरचं पाणी एकाच जागी येतं. तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ते जवळपास ५,७०० लिटर होतं. म्हणून चौकाची फरशी ओसरीपेक्षा ९ इंच खाली, उतार ८० फुटांना १ फूट, आणि ६ इंची पाइपाचे दोन निकास समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवा. एक पाल्याने तुंबला तरी दुसरा वाहता राहतो. एकाच निकासावर विसंबलेल्या चौकाचं पाणी पहिल्याच मोठ्या सरीला ओसरीवर चढतं.

खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. घरगुती कामाला ६ ते ८ फूट पुरे. खणाची मापं सगळीकडे सारखी राहिली की दर्शनी भाग आपोआप जुळून येतो. एक ७ फुटांचा आणि शेजारचा ११ फुटांचा झाला की कितीही कोरीव काम केलं तरी डोळा अडखळतो. ८-९ फूट उंच खांबाला ६ ते ८ इंची चौरस सागवान घ्या. खांब थेट फरशीवर उभा करू नका. खाली घडीव दगडी तळखडा हवा, फरशीपासून निदान ६ इंच वर, म्हणजे धुतलेलं पाणी लाकडाच्या बुडाला लागत नाही आणि वाळवी चढताना दिसते. खांबाचं कुसू, म्हणजे खाचेत बसणारं निमुळतं टोक, तुळईत पक्कं बसवावं, पण लाकडावर किती भार द्यायचा ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने भूकंपाच्या हिशेबासकट ठरवायचं. भार आरसीसीवर ठेवून खांब नुसते दर्शनी ठेवणार असाल तर तसं स्पष्ट ठरवा. अर्धवट भार सगळ्यांत वाईट.

उतरवलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळालं तर उत्तमच. तुळईची जी टोकं भिंतीत होती ती बहुधा कुजलेली असतात. दोन्ही बाजूंनी फूटभर कापून टाकण्याची तयारी ठेवूनच लांबी मोजा. करवतीआधी खिळे शोधून काढा. नवीन लाकडाचा ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास हवा. आणि तुळईचं टोक नव्या भिंतीत चिणू नका: खाली दगडाची बैठक द्या, बाकी तिन्ही बाजूंनी आणि टोकाला अर्धा इंच हवा खेळू द्या.

महिरपीवर सुतार सर्वांत जास्त मेहनत घेतो आणि तीच सर्वांत आधी तडकते. कारण लाकूड नाही, खिळे आहेत. वाड्यातली लाकडी महिरप भार उचलत नाही, ती दोन खांबांच्या मध्ये अडकवलेली फळी असते. ती दोन अर्ध्या भागांत करा. खांबाला आणि तुळईला १२ मिलिमीटर खोल खाच घ्या, त्यात फळी बसवताना ३ मिलिमीटर जागा मोकळी सोडा, आणि मधला सांधा वर लावलेल्या कोरीव फुलाने झाका. फूल एकाच बाजूला पक्कं करा. मे महिन्यात लाकूड आकसतं, श्रावणात फुगतं, त्याला सरकायला जागा मिळते. गोंद आणि खिळ्यांनी जखडलेली महिरप बरोबर मधून फाटते.

आता चुना. इथे घाई करणाऱ्याने सरळ सिमेंट वापरावं.

कळीचा, म्हणजे भाजलेला पण न विरवलेला चुना ढेकळांत घ्या. ढेकूळ पाण्यात टाकलं की फसफसून फुटलं पाहिजे. पोत्यात आधीच भुकटी झालेली असेल तर तो हवेनेच विरलेला आहे, परत करा. विरवण्यासाठी लोखंडी किंवा विटांची टाकी घ्या, प्लास्टिकचं पिंप नको, पाणी उकळतं. आधी पाणी, मग चुना, थोडा थोडा. उलट केलं तर अंगावर उडतो. चष्मा, रबरी हातमोजे आणि गमबूट सक्तीचे. निवल्यावर बारीक जाळीतून गाळून घ्या आणि वर २-३ इंच पाणी ठेवून निदान १५ दिवस, जमलं तर दोन-तीन महिने मुरू द्या. न गाळलेल्या किंवा न मुरलेल्या चुन्यातले कण गिलाव्यात बसून आठवड्यांनी फुगतात आणि भिंतीवर नाण्याएवढे खड्डे पाडतात. त्यावर दुरुस्ती नाही, खरवडून पुन्हा करावं लागतं.

खालच्या थराला १ भाग मुरलेला चुना, दीड भाग वाळू, दीड भाग सुरखी (विटांची पूड). सुरखी मऊ भाजलेल्या विटांचीच दळून घ्या. भट्टीतल्या काळ्या, काचेसारख्या झालेल्या विटांची भुकटी चुन्याला धरत नाही. बेसाल्टची क्रश सँड वापरताना आधी धुवा, तिच्यातली पूड गिलाव्याला केसासारख्या भेगा पाडते. मिश्रण चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाक फिरणाऱ्या चरात घोटा, फावड्याने नुसतं कालवू नका. गूळ-हिरड्याचं पाणी घालायचं तर आधी चार चौरस फुटांचा नमुना करून दोन आठवडे बघा. गूळ जास्त झाला की बुरशी येते.

पहिला थर १२ मिलिमीटर, दुसरा ८, शेवटचा ३. दोन थरांमध्ये ७ ते १० दिवस. भिंत आदल्या दिवशी भिजवा. नंतर १४ ते २१ दिवस ओलं गोणपाट आणि हलका फवारा. पाइपाने धार सोडू नका. लवकर सुकलेला चुना हाताला पांढरी पूड देतो, कारण त्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड घ्यायला ओलावाच उरलेला नसतो. नाशकात हे काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीत संपवावं. एप्रिलच्या उन्हात भेगा, जुलैत धुऊन जाणं.

चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटची लांबी (पुट्टी) किंवा प्लास्टिक रंग लावू नका. भिंतीतली ओल अडते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो आणि पापुद्रे निघतात. गाळलेल्या चुन्याचे पाण्यासारखे पातळ चार-पाच हात द्या, प्रत्येक हातानंतर एक दिवस थांबा. रंग हवाच असेल तर गेरू किंवा पिवळी माती. आधी छोट्या जागेवर लावून वाळल्यावर बघा, ओला असताना तो बराच गडद दिसतो.

दगडी जोत्याला चकत्या लावणारच असाल तर कोपऱ्यांना तरी निदान ६ इंच जाडीचे घडीव दगड घ्या. चकतीची पातळ कड कोपऱ्यावरच उघडी पडते.