पहिल्या स्नीकरचं डिझाइन: साच्यापासून नमुन्यापर्यंत

मी स्नीकरचे पॅटर्न कापते. डिझायनरचं चित्र माझ्या टेबलावर येतं आणि मी त्याचे सपाट तुकडे करते. ते शिवून साच्यावर ताणले की बूट उभा राहतो. नव्या डिझायनरांच्या चित्रांत एक गोष्ट हमखास दिसते: बुटाची बाहेरची बाजू फार देखणी असते, पण आतल्या बाजूला काय आहे, टाचेवरची शिवण कुठे येते, जीभ कशाला जोडायची, याचा पत्ताच नसतो. म्हणून पहिला स्नीकर करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, आधी लास्ट मिळवा.

लास्ट म्हणजे ज्यावर बूट घडतो तो प्लॅस्टिकचा किंवा लाकडाचा साचा. पायासारखा दिसतो, पण पायाची हुबेहूब नक्कल नसतो. बोटं सुटी नसतात आणि पुढचं टोक जमिनीपासून थोडं उचललेलं असतं, कारण सोल पायाइतका वाकत नाही आणि पाऊल पुढे लोळायला ती उचल लागते. धावण्याच्या बुटाचा लास्ट वेगळा, स्केटबोर्डिंगचा वेगळा. कुणी टाकून दिलेला जुना लास्टही शिकायला उत्तम. नमुना बहुधा पुरुषांच्या अमेरिकी ९ किंवा स्त्रियांच्या अमेरिकी ७ नंबरात करतात. त्या मापाचा मिळाला तर तोच घ्या.

मग एक वाक्य लिहा: हा बूट कोण घालणार आणि तो घालून नेमकी कोणती हालचाल करणार. ‘तरुणांसाठी स्टायलिश बूट’ असं लिहून आणलं तर मी परत पाठवते, कारण त्यातून एकही रेघ निघत नाही. नाइकीचे डिझायनर ब्रूस किलगोर यांनी १९८२ च्या एअर फोर्स १ या बास्केटबॉलच्या बुटाच्या तळाला वर्तुळाकार नक्षी दिली, ती बास्केटबॉल खेळणारा एका पायावर गर्रकन फिरतो म्हणून. आज तो बूट मैदानाबाहेरच जास्त दिसतो, पण वर्तुळं अजून तळाला आहेत.

कल्पनेसाठी दुसऱ्यांचे बूट बघत बसू नका. नाइकीचे डिझायनर टिंकर हॅटफिल्ड मूळचे वास्तुविशारद. पॅरिसच्या पाँपिदू सेंटरचे नळ, सरकते जिने, सांगाडा सगळं इमारतीच्या बाहेर आहे. ते पाहून त्यांनी १९८७ च्या एअर मॅक्स १ च्या मिडसोलला, म्हणजे तळ आणि वरचा भाग यांच्यामधल्या मऊ थराला, खिडकी पाडली. हवेची पिशवी नाइकीच्या बुटांत आधीपासून होती, आता ती दिसू लागली. नाइकीच्याच सर्जिओ लोझानो यांनी एअर मॅक्स ९५ साठी माणसाचं शरीर घेतलं: बाजूचे थर म्हणजे स्नायू, नाडीचे फासे म्हणजे बरगड्या, तळ म्हणजे पाठीचा कणा. त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र रंगाची आहे. करडा रंग खाली गडद आणि वर फिका होत जातो, त्यामुळे धावताना लागलेली माती डोळ्यांत भरत नाही. दिसायलाही छान आणि कामालाही येतं, असं काही सापडेपर्यंत शोधत राहा.

चित्रं रोज काढा, बुटाच्या चारही बाजूंनी. ड्वेन एडवर्ड्स एल. ए. गिअर या बुटांच्या कंपनीत फायली लावायचं काम करत असताना तिथल्या सूचनापेटीत रोज बुटाचं एक चित्र टाकत. त्यातूनच त्यांना डिझायनरची नोकरी मिळाली. पुढे ते नाइकीच्या जॉर्डन ब्रँडचे डिझाइन प्रमुख झाले आणि २०१० मध्ये त्यांनी पोर्टलंडला पादत्राणांच्या डिझाइनची पेन्सोल ही शाळा काढली.

आता खरं काम. मास्किंग टेप घ्या. लास्टच्या पुढच्या टोकापासून वरपर्यंत मधोमध एक पट्टी आणि टाचेवर मागे एक उभी पट्टी लावा. मग दोन्ही बाजूंनी आडव्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढवून. सुरकुती राहू देऊ नका. एक थर झाला की उलट दिशेने दुसरा. मग पेन्सिलने मधली रेघ, टाचेची रेघ आणि तळाच्या कडेची रेघ मारा. या तीन रेघा सरळ आल्या नाहीत तर पुढचं काहीच जुळत नाही, म्हणून इथे कितीही वेळ गेला तरी जाऊ द्या.

त्यानंतर डिझाइन थेट टेपवर काढा. बाहेरचा घोटा आतल्या घोट्यापेक्षा खाली असतो, म्हणून बुटाची कड बाहेरच्या बाजूला थोडी खाली घ्या. चवडा वाकतो तिथे जाड शिवणी एकावर एक आणू नका; चालताना तिथेच टोचतं आणि तिथेच आधी फाटतं. नाडीची पहिली भोकं फार पुढे नेली तर वाकताना बोटांवर दाब येतो, फार मागे ठेवली तर पाय आत जात नाही. लास्ट हातात फिरवत काढत गेलात तर आतल्या बाजूची रेघ बाहेरच्या बाजूला जाऊन मिळते की नाही, हे तिथल्या तिथे कळतं.

मन भरलं की मधल्या आणि टाचेच्या रेघेवर ब्लेड चालवा, टेप अलगद सोलून जाड कागदावर चिकटवा. गोल वस्तूचं साल सपाट बसत नाही, त्यामुळे कडेला बारीक चिरा द्याव्या लागतील. टोकाशी आणि टाचेशी चिरा द्या. मधला भाग शक्य तितका अखंड ठेवा. आता प्रत्येक तुकडा वेगळा उतरवा आणि माया, म्हणजे जोडण्यासाठी जादा कड, सोडा: एक तुकडा दुसऱ्याखाली जातो तिथे साधारण ८ मिलिमीटर, आणि लास्टच्या तळाखाली ओढून चिकटवायचं असेल तर १५ ते २० मिलिमीटर. माया न सोडलेला पॅटर्न कितीही सुंदर असला तरी त्याचा बूट होत नाही.

पहिला नमुना स्वस्त फेल्टचा किंवा कॅनव्हासचा शिवा आणि लास्टवर ताणून बघा. कागदावर सरळ वाटलेली रेघ इथे हमखास कललेली निघते. ती तिथेच पेनाने दुरुस्त करा, उलगडून पॅटर्नवर उतरवा, पुन्हा शिवा.

सोल मात्र पहिल्या वेळी स्वतः घडवू नका. प्रत्येक मापाला वेगळा धातूचा साचा लागतो आणि तो फार महाग पडतो. अनुभवी कंपन्याही एकच सोल अनेक बुटांना वापरतात. तयार सोल निवडताना तो तुमच्या लास्टच्या तळाशी जुळतो का बघा. ईव्हीए फोम हलका, पण वापराने दबत जातो. पॉलियुरेथेन जड आणि टिकाऊ, मात्र काही वर्षांनी ओलाव्याने भुगा होऊ शकतो.

रंग सगळ्यात शेवटी. आधी नुसत्या पांढऱ्यात बूट बघा. आकार पांढऱ्यात उभा राहिला तरच पुढे जा.

कारखान्याला पाठवायच्या कागदांत बाहेरची, आतली, वरची, टाचेची आणि तळाची अशी पाच चित्रं द्या. प्रत्येक तुकड्यापुढे कापड किंवा चामडं, जाडी, दोऱ्याचा रंग आणि पँटोन क्रमांक, म्हणजे नेमकी छटा सांगणारा रंगाचा क्रमांक, लिहा. सोबत टेपचा मूळ साचाही पाठवा. माझ्यासारखी कुणीतरी तिथे टेबलाशी बसलेली असते, आणि तिला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.