औषधाने कॅन्सरच्या पेशी मेल्या, पण नेमक्या कशा मेल्या ते कसं शोधायचं

एमटीटी या रंगावरून मोजायच्या टेस्टचं रीडिंग पडलं की लगेच थिसिसमध्ये "अपॉप्टोसिस झाला" (म्हणजे पेशीने ठरलेल्या पद्धतीने स्वतःला संपवलं) असं लिहू नका, कारण एमटीटीमध्ये पेशीचं मेटाबॉलिझम किती चालू आहे एवढंच कळतं, पेशी नुसती वाढायची थांबली तरी आकडा खाली येतो. आधी खरंच मरतायत का ते बघा, एलडीएच हे पेशीतलं एन्झाइम बाहेर पडतंय का किंवा प्रोपिडियम आयोडाइड (पीआय) हा फक्त फुटलेल्या पेशीत जाणारा रंग आत शिरतोय का.

१९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी अपॉप्टोसिस हे नाव दिलं, फेरॉप्टोसिस (लोहामुळे मेम्ब्रेनमधलं लिपिड खराब होऊन येणारं मरण) हे नाव आलं २०१२ मध्ये, आणि मध्ये नेक्रॉप्टोसिस (आरआयपीके प्रथिनांमुळे पेशी फुगून फुटते), पायरॉप्टोसिस (गॅसडर्मिन प्रथिनाने मेम्ब्रेनला भोकं पडतात) पण आले. कॅन्सरमध्ये हा फरक खूप मोठा आहे, कारण बऱ्याच ट्यूमरमध्ये पी५३ (बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारं प्रथिन) बिघडलेलं असतं किंवा बीसीएल-२ (अपॉप्टोसिस अडवणारं प्रथिन) वाढलेलं असतं म्हणजे अपॉप्टोसिसचा रस्ता अर्धा बंदच, मग दुसरा कुठला रस्ता उघडा आहे का हे कळलं तर औषधाला खरी किंमत येते.

माझ्या मते सगळ्यात भारी पुरावा म्हणजे मरण थांबवून दाखवणं. ९६ वेलची प्लेट घ्या, औषधाचा असा डोस निवडा की निम्म्याहून जास्त पेशी मरतील पण सगळ्या नाही, आणि औषधाच्या तासभर आधी इनहिबिटर (एकेक रस्ता अडवणारं रसायन) टाका: कॅस्पेससाठी (अपॉप्टोसिसमध्ये प्रथिनं कापणारी एन्झाइम) झेड-व्हॅड साधारण २० मायक्रोमोलर, आरआयपीके१ साठी (नेक्रॉप्टोसिस सुरू करणारं प्रथिन) नेक्रोस्टॅटिन-१एस १० ते २०, फेरॉप्टोसिससाठी फेरोस्टॅटिन-१ एक-दोन मायक्रोमोलर. नुसत्या इनहिबिटरचे वेल ठेवाच आणि डीएमएसओ (औषध विरघळवायचं द्रावण) सगळीकडे सारखं. ज्याने पेशी वाचल्या तो तुमचा रस्ता, फेरॉप्टोसिस वाटला तर डेफेरॉक्सामिनने लोह बांधून पण वाचतायत का बघा, दोन्हीने वाचल्या तर बोलायला जोर येतो.

इथे एक गोची आहे. कॅस्पेस-८ एरवी आरआयपीके१ आणि आरआयपीके३ ला दाबून ठेवतं, झेड-व्हॅडने तेच बंद होतं, त्यामुळे पेशी वाचायच्या ऐवजी नेक्रॉप्टोसिसकडे वळू शकते आणि तुम्हाला वाटतं कॅस्पेसचा काही संबंधच नाही! म्हणून झेड-व्हॅड आणि नेक्रोस्टॅटिन एकत्र असलेला वेल हवाच. पेशी कुठल्या आहेत ते पण बघा, हीला या सेल लाइनमध्ये आरआयपीके३ जवळपास नसतंच, तिथे नेक्रॉप्टोसिस शोधत बसलात तर महिने जातील, त्यासाठी एचटी-२९ ही सेल लाइन घ्या. आणि एमसीएफ-७ या सेल लाइनमध्ये कॅस्पेस-३ नाहीये, तिथे कॅस्पेस-३ चा बँड आला नाही म्हणून अपॉप्टोसिस नाही असं म्हणता येत नाही.

अॅनेक्सिनबद्दल (मरणाऱ्या पेशीच्या बाहेरून चिकटणारं, चमकणारं प्रथिन): फक्त एकदाच, २४ तासांनी बघितलं तर अॅनेक्सिन आणि पीआय दोन्ही पॉझिटिव्ह दिसणारच, मेम्ब्रेन फुटलं की अॅनेक्सिन आत जातं, मग रस्ता कुठलाही असो. ४, ८, १२ तास असं बघा. तरंगणाऱ्या पेशी फेकू नका, मेलेल्या बऱ्याचशा त्यातच असतात, आणि ट्रिप्सिनसोबतचं ईडीटीए (ते कॅल्शियम बांधून टाकतं) नीट धुवा कारण अॅनेक्सिनला चिकटायला कॅल्शियम लागतं.

मग वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करून त्यांचे बँड बघायचे. अपॉप्टोसिसला पार्प हे प्रथिन ११६ वरून ८९ किलोडाल्टनवर येतं आणि कॅस्पेस-३ तुटलेलं दिसतं, नेक्रॉप्टोसिसला फॉस्फो-एमएलकेएल (फॉस्फेट लागलेलं एमएलकेएल प्रथिन), पायरॉप्टोसिसला गॅसडर्मिनचा तुटलेला तुकडा. फेरॉप्टोसिसला असा एक ठरलेला बँड नाही, तिथे सी११-बॉडिपी या चमकणाऱ्या रंगाने लिपिड पेरॉक्सिडेशन मोजायचं, रंग लाल वरून हिरवा होतो. तुटलेलं कॅस्पेस-३ दिसलं तरी मायक्रोस्कोपखाली बघाच, कारण ज्या पेशीत गॅसडर्मिन-ई भरपूर आहे तिथे कॅस्पेस-३ त्यालाच कापतं आणि पेशी आक्रसण्याऐवजी फुगून फुटते.

पॉझिटिव्ह कंट्रोल (ज्यात तो रस्ता नक्की दिसतो असा नमुना) विसरू नका: अपॉप्टोसिसला स्टॉरोस्पोरिन, फेरॉप्टोसिसला एचटी-१०८० या सेल लाइनवर इरास्टिन किंवा आरएसएल३, नेक्रॉप्टोसिसला एचटी-२९ वर टीएनएफ, स्मॅक मिमेटिक आणि झेड-व्हॅड तिन्ही मिळून. सेल लाइन पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) मधून मिळतात, शेजारच्या लॅबमधून उसन्या आणलेल्या असतील तर आधी एसटीआर प्रोफाइल (लाइन खरी तीच आहे ना याची डीएनए तपासणी) आणि मायकोप्लाझ्मा (पेशींत लपून राहणारे जीवाणू) चेक करून घ्या, मगच प्लेट लावा.