संत्र्याच्या दिवसांत फोटो काढायला निघण्याआधी

डिसेंबरातला एक अख्खा दिवस रंग, उजेड आणि रोजच्या वापरातल्या वस्तू यांच्यासाठी मोकळा ठेवायचा ठरवलात, तर सकाळी कळमन्याचा फळबाजार, दुपारी घरातली खिडकी आणि दिवेलागणीला इतवारीची जुनी बाजारपेठ एवढा बेत नागपुरात आरामात बसतो. तयारीला मात्र आठवडाभर आधी लागा, आणि ती लेन्सपासून नको, उजेडापासून करा. वस्तू मागून आणता येते, रंग जुळवता येतो. उजेड आपल्या वेळेला आपल्या जागी असावाच लागतो, आणि तो कधी कुठे असतो हे आधी पाहून ठेवलं नसेल तर बाकी सगळं सामान नुसतं ओझं आहे.

तेव्हा पहिलं काम म्हणजे घरातली एक खिडकी निवडायची. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला तिच्यासमोर उभं राहून ऊन कुठवर आलंय ते वहीत टिपून ठेवा. उत्तरेची खिडकी असेल तर या दिवसांत थेट ऊन आत येणार नाही. उजेड मऊ आणि बराचसा सारखा राहील. भांडी, काच, कापड यांच्यासाठी मी नेहमी हीच निवडेन. दक्षिणेची असेल तर हिवाळ्यात ऊन खोलीत पार आतपर्यंत शिरतं, कारण सूर्य खालून जातो. आपलं शहर साधारण 21 अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे 21-22 डिसेंबरला भर माध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून फार तर 45 अंश वर असतो, आणि टेबलावरच्या तांब्याची सावली जवळजवळ तांब्याच्या उंचीएवढी पडते. तोच सूर्य मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात इथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली काही क्षण दिसेनाशी होते. सावलीवर काम करायचं असेल तर डिसेंबरच घ्या. छायाचित्रकार आंद्रे कर्तेझ यांनी 1928 मध्ये ताटलीच्या काठावर टेकवलेला एक काटा आणि त्याची सावली एवढ्यावरच फोटो केला. त्यात तिसरं काही नाही, आणि तरी जवळपास शंभर वर्षं लोक तो पाहताहेत. तुमच्या खिडकीत काट्याच्या जागी झारा किंवा किसणी ठेवून बघा. किसणीच्या भोकांतून उतरणारं ऊन कागदावर काय करतं ते एकदा पाहिलंत की अर्धी दुपार तिथेच जाईल.

खिडकी ठरली की तिच्याजवळ पांढरा कागद धरून एक चाचणी फोटो घ्या. समोरची भिंत हिरव्या ऑइलपेंटची असेल तर कागदावर हिरवट छटा येते. शेजाऱ्यांनी निळी ताडपत्री बांधली असेल तर निळी. डोळ्याला ही छटा जाणवत नाही, कारण मेंदू ती वजा करून टाकतो. कॅमेरा प्रामाणिकपणे टिपतो. नको असेल तर त्या बाजूला जुनं पांढरं धोतर किंवा चादर टांगायची सोय आधीच करून ठेवा, दोरी आणि कपड्यांचे चिमटे हाताशी ठेवा. हेच धोतर पुढे ऊन गाळायलाही लागणार आहे, तेव्हा स्वच्छ धुतलेलं आणि निळीचा हात न दिलेलं घ्या.

आता रंग. एका दिवसाला एकच मुख्य रंग धरा, आणि तो दिवस नागपुरात डिसेंबरात असेल तर मी संत्र्याशिवाय दुसरा सुचवणार नाही. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना आलेल्या फुलांची, फळं साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतात. सुरुवातीला सालीवर हिरवा बराच असतो. रात्री गार व्हायला लागल्या की तो उतरतो आणि नारिंगी वर येतो. म्हणून विकत घेताना सगळी एकसारखी, पिवळीधमक, निवडून घेऊ नका. देठाकडे हिरवट राहिलेलं एक, पान लागलेलं एक, डाग पडलेलं एक, असं मुद्दाम मागा. फळवाल्या काकांना नवल वाटेल, पण कारण सांगितलंत तर ते स्वतःच शोधून देतील. रंगाला शेजार लागतो. हिरव्याच्या कडेला नारिंगी जेवढा पेटतो तेवढा नुसत्या ढिगात पेटत नाही.

कॅमेऱ्यात इथे दोन गोष्टी आदल्या रात्रीच बदलून ठेवा. एक, ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाची पिवळी-निळी छटा कॅमेऱ्याने आपणहून जुळवणं) बंद करून सूर्याच्या चिन्हावर, म्हणजे साधारण 5500 केल्व्हिनवर (केल्व्हिन हे उजेडाच्या छटेचं माप) आणा. अख्खी चौकट नारिंगी असली की ऑटोला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो निळा मिसळून संत्री फिकी करून टाकतो. दोन, साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख, न बघता लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे दाखवणारा लावा. संत्र्याचा लाल भाग सगळ्यांच्या आधी भरून वाहतो. एकत्र हिस्टोग्राम ठीकठाक दिसत असतो आणि सालीवरचे बारीक खड्डे मात्र सपाट झालेले असतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत शिरणारा उजेड, दोन तृतीयांश स्टॉप खाली घ्या (एक पूर्ण स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) आणि रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. मोबाइलवर काढणाऱ्यांनी पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करायचं, मग बोट खाली सरकवून उजेड जरा उतरवायचा. प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स तिथेही हाताने बसवता येतो.

बाजारातली तयारी वेगळी. सुट्टीचा वार आणि लिलावाची वेळ आधी विचारून ठेवा. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, त्याच्या आधी पोचा. हमालांच्या वाटेत उभं राहायचं नाही, पाठीवरची बॅग पुढे घ्यायची, आणि माणूस चौकटीत येणार असेल तर आधी बोलायचं. "काका, एक फोटो काढू का?" एवढं पुरतं, आणि नाही म्हणाले तर नाही. तिथे पोचल्यावर फळांकडे बघायच्या आधी वर बघा. डोक्यावर काय बांधलंय? निळ्या ताडपत्रीखाली संत्री मातकट दिसतात, कारण नारिंगी सालीला परत पाठवायला लागणारा लाल-पिवळा उजेड त्या ताडपत्रीतून फारसा खाली उतरतच नाही. पिवळ्या किंवा भगव्या कापडाखाली तीच फळं झळकतात, आणि विकणाऱ्यांना हे आपल्याआधीपासून कळतं. निळ्या सावलीत अडकलात तर फळ सोडून माणसाचा हात, वजनकाटा, खिळे ठोकलेली लाकडी पेटी यांच्याकडे वळा. त्यांच्यात रंगापेक्षा आकारच जास्त बोलतो.

जाळीच्या पिशव्यांसाठी थोडा जास्त वेळ राखून ठेवा, कारण तिथे रंग कसा तयार होतो ते समोर दिसतं. लाल-नारिंगी जाळीत भरलेली संत्री लांबून जास्त पिकलेली वाटतात. जाळीचे बारीक धागे आणि साल यांचा रंग डोळा एकत्र करून टाकतो. जवळ जाऊन मॅक्रोने, म्हणजे अगदी जवळचं टिपणाऱ्या लेन्सने, काढलंत तर धागा वेगळा, साल वेगळी. रंगीत फोटोग्राफीची सुरुवातीची मोठी गोष्टही याच तत्त्वावर उभी होती. ल्युमिएर बंधूंनी 1907 मध्ये बाजारात आणलेल्या ऑटोक्रोम काचांवर बटाट्याच्या स्टार्चचे सूक्ष्म कण नारिंगी-लाल, हिरवा आणि जांभळा अशा तीन रंगांत रंगवून पसरलेले असत, आणि लांबून पाहिल्यावर ते कण डोळ्यात मिसळून चित्र पुरं व्हायचं. तेव्हा एकाच पिशवीचे दोन फोटो ठरवूनच काढा, एक दहा फुटांवरून आणि एक वीतभर अंतरावरून, आणि दोन्ही शेजारी ठेवायचे आहेत हे लक्षात ठेवून उजेड तोच ठेवा.

येता-जाता ऑटोत बसाल तेव्हाही कॅमेरा बॅगेत नको. छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी रंगीत फोटो गंभीर कामात मोडत नाही असं मानलं जायचं त्या काळात आयुष्यभर रंगातच काम केलं, आणि अखेरच्या वर्षांत अँबॅसडर गाडीचं दार, काच, आरसा यांनाच चौकट करून देश टिपला. ऑटोचा आरसा, कडेचा दांडा, पुढच्या काचेवर लोंबणारं लिंबू-मिरची ही तशीच हाताशी असलेली चौकट आहे. चालकदादांना विचारून घ्या आणि सिग्नलला थांबल्यावरच काढा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. या शहरात रंग नुसता शोभेचा नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारला तिथे येणाऱ्या माणसाच्या खांद्यावरचा निळा, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीतले काळा आणि पिवळा, यांना इथले लोक अर्थासकट ओळखतात. नारिंगीच्या विरुद्ध निळा छान दिसतो म्हणून कुणाच्या घरावरचा झेंडा पार्श्वभूमीला ओढू नका. निळा हवा असेल तर बादली घ्या, ताडपत्री घ्या, शाळेच्या वहीचा पुठ्ठा घ्या.

दुपारच्या टेबलासाठी वस्तू आदल्या दिवशी काढून ठेवा, आणि नवं काही विकत आणू नका. तळाला पोचे आलेला गंज (पातेलं), पिठाचा हात लागून लागून कड गुळगुळीत झालेली कोपर (परात), आजीचा पितळी तांब्या, काचेची बरणी, वाळ्याचा पंखा असेल तर तो. वापराने जी झीज होते तिच्यावर तिरका उजेड पडला की वस्तू बोलते. दुकानातून आणलेल्या कोऱ्या भांड्यावर उजेडाला धरायला काही नसतं. तीन वस्तू पुरेत. पाच मांडल्या तर दुकान वाटतं.

पितळेची आणि स्टीलची तयारी सगळ्यात खोल. चिंचेने घासून लख्ख केलेला तांब्या फोटोत बरेचदा काळा येतो, आणि लोक उजेड वाढवत बसतात. चकचकीत धातूवर आपण प्रकाश टाकत नसतो. त्याच्यासमोर जे असतं तेच तो दाखवतो. समोर अंधारी खोली असेल तर तो अंधार दाखवणार, तुम्ही लाल टी-शर्टात असाल तर पोटावर लाल पट्टा दाखवणार. म्हणून त्या दिवशी अंगात राखाडी किंवा काळे साधे कपडे घाला, तांब्याच्या एका बाजूला ते धुतलेलं धोतर ताणून लावा, दुसऱ्या बाजूला काळा पुठ्ठा उभा करा. मग धातूच्या गोलाईवर पांढरी पट्टी, काळी कड आणि मधे पितळेचा खरा रंग असे तीन भाग पडतात आणि घाट उठून दिसतो. पूर्ण चकाकीही नको असेल तर घासून दोन-तीन दिवस तसाच राहू द्या, हलकी मळी आली की रंग गडद आणि शांत होतो. मला तोच आवडतो.

स्वयंपाकघरातलं नरसाळंही बाहेर काढून ठेवा. छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी 1930 मध्ये ढोबळ्या मिरचीचा जो फोटो काढला, तिच्यासाठी बैठक म्हणून पत्र्याचं नरसाळं वापरलं होतं. आतल्या पत्र्यावरून परतलेला उजेड मिरचीच्या वळणांना सगळ्या बाजूंनी मिळाला. आपल्याकडे पत्र्याचं नरसाळं अजून मिळतं. नाही मिळालं तर स्टीलचं खोलगट पातेलं आडवं करा आणि त्यात सोललेलं अर्धं संत्रं ठेवून पाहा.

संत्रं सोलतानाचा फोटो मात्र घाईत जमणार नाही, त्याची मांडणी आधीच करा. सालीत तेलाच्या बारीक पिशव्या असतात आणि साल दुमडली की त्यातून फवारा उडतो. तो दिसायला दोन गोष्टी लागतात: उजेड मागून किंवा मागच्या कडेने यायला हवा आणि मागची भूमी काळी हवी. खिडकीच्या ऊन येणाऱ्या कडेला काळी चादर, तिच्यापासून हातभर पुढे सोलणाऱ्याचे हात, आणि कॅमेरा उन्हाकडे तोंड करून, पण सूर्य लेन्सवर थेट पडणार नाही असा. शटर 1/1000 सेकंद किंवा त्याहून जलद. फोकस हाताने अंगठ्याच्या नखावर बसवा, कारण फवारा तिथूनच सुटतो आणि ऑटोफोकसला तो पकडता येत नाही. सोलायला घरातल्या माणसाला बसवा आणि फळं भरपूर ठेवा. नागपुरी संत्र्याची साल सैल, एका हाताने निघते. म्हणून साल ओढून काढायची नाही, बोटांत धरून चटकन दुमडायची. लेन्सवर तेल उडतं, तेव्हा मऊ कापड जवळ असू द्या.

बॅटरी, कार्ड, चार्जर हे सांगायची गरज नाही. पाण्याची बाटली आणि पहाटेच्या थंडीसाठी स्वेटर घ्या.

शेवटचा टप्पा इतवारीत. सूर्य साडेपाचच्या थोडा पुढे मावळतो आणि त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटंच आभाळाचा निळा आणि दुकानांतले दिवे एकमेकांच्या तोडीचे असतात. आधी गेलात तर दिवे मिणमिणते दिसतात, उशिरा गेलात तर आभाळ काळं. म्हणून गल्ली दुपारीच ठरवा, भांड्यांचं दुकान असेल तर उत्तम, आणि दुकानदारांशी बोलून उभं राहायची जागा पक्की करा. व्हाइट बॅलन्स 4000 केल्व्हिनच्या आसपास आणा, म्हणजे पिवळे दिवे ऊबदार राहतील आणि आभाळ निळं. एलईडीखाली शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि शटर त्याहून जलद असेल तर फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. गर्दीत ट्रायपॉड उघडायला जागा मिळणार नाही. खांबाला टेकून, श्वास सोडून दाबा. कार्ड भरत आलं तर तिथे उभ्या उभ्या फोटो पुसू नका, दुसरं कार्ड लावा. छोट्या पडद्यावर वाया गेलेला वाटणारा फोटो घरी मोठ्या पडद्यावर पाहूनच ठरवायचा.