रॅम्पची नोकरी धरताय? विमान बे मध्ये येतं तेव्हाचं थोडं

मागच्या आठवड्यात लोकमान्य नगरातली दोन मुलं घरी आली होती, बारावी झालीय, एअरपोर्टवर ग्राउंड हँडलिंगला, म्हणजे रॅम्पवर उभ्या विमानांची खालची कामं करायला, लागायचंय म्हणाली आणि पहिला प्रश्न पगाराचा. पगाराचं सांगितलं, पण जे खरं सांगायचं होतं ते चहा संपला तरी राहूनच गेलं, म्हणून इथे लिहितोय.

आपल्या इंदूरला ए320 (मोठं जेट) आणि एटीआर (छोटं पंख्याचं विमान) खूप येतात. ए320 चे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 35.8 मीटर, आणि या साइझच्या विमानाला बे वर, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवर, आजूबाजूला कमीत कमी 4.5 मीटर मोकळं हवं असा आयकाओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेचा नियम आहे. ऐकायला भरपूर वाटतं ना? सामान चढवायच्या पट्ट्याची एक गाडी, बेल्ट लोडर, आडवी उभी राहिली की संपलं. त्यात पंख मागे झुकलेले, त्यामुळे विमान वळताना टोक आपल्या अंदाजापेक्षा बाहेरून फिरतं आणि कॉकपिटमधून ते टोक नीट दिसत नाही. कॅप्टन भरवसा ठेवतो तो पिवळ्या लाइनवर, समोरून इशारे देणाऱ्या मार्शलरवर आणि दोन्ही बाजूला पंखांवर नजर ठेवणाऱ्या विंग वॉकरवर, म्हणजे उद्या तुमच्यावर. कोलकात्याला मार्च 2024 मध्ये दोन विमानांचे पंख घासले, त्यातलं एक तर जागेवर उभं होतं, तरी पंखाचं टोक तुटलंच.

या नोकरीत माझा दुसरा महिना होता, जूनची सुरुवात, पाऊस यायच्या आधी माळव्यात जो वारा सुटतो ना तसा वारा. मी विंग वॉकर, विमान बे मध्ये वळलेलं. सामानाच्या ट्रॉलीची दांडी उभी केली की ब्रेक लागतो, पण एका ट्रॉलीची दांडी कुणीतरी अर्धवटच सोडली होती, ती वाऱ्याने हळूहळू सरकत लाल लाइनच्या, म्हणजे विमानासाठी मोकळ्या ठेवायच्या जागेच्या, आत आली. नव्या माणसाची चूक इथेच होते, तो फक्त पंखाचं टोक बघत बसतो. टोक उंचावरून निघून जातं हो, पण इंजिन खाली लोंबतं, आणि छपराची ट्रॉली बरोब्बर त्याच्याच वाटेत. मी दोन सेकंद तरी गप्प उभा होतो, सिनियरनी बघितलं असेल, मी थांबवलं आणि काहीच नसलं तर काय, असलं सगळं डोक्यात. मग हात वर करून वँड्सची (इशाऱ्याच्या कांड्यांची) फुली केली, मार्शलरने तशीच फुली कॅप्टनला दाखवली, विमान थांबलं. इंजिन आणि ट्रॉलीमध्ये दोन-अडीच मीटर उरले असतील. ते दोन सेकंद मला अजून खुपतात.

नंतर आमचे शिफ्टचे दादा एवढंच म्हणाले, "फुली दाखवायला परवानगी लागत नाही रे." विनाकारण विमान थांबवलं म्हणून कुणी रागावलं तर रागावू दे, दोन मिनिटं उशीर होईल बस, पण इंजिनचं काउल (बाहेरचं आवरण) चेपलं तर विमान तिथेच अडकतं आणि दीडशे-पावणेदोनशे लोकांची फ्लाइट बुडते.

फुलीतही फरक आहे हं. नेहमीच्या थांब्याला हात बाजूला सरळ ठेवून सावकाश डोक्यावर नेतात, इमर्जन्सीला झटक्यात. घरी आरशासमोर दोन्ही करून बघा, खरंच सांगतोय, वेळेवर हात आपोआप उठायला हवेत.

आणि विमानावरचा लुकलुकणारा लाल दिवा, बीकन, बंद होईपर्यंत विमानाजवळ जायचं नाही, कितीही घाई असली तरी. मुंबईत डिसेंबर 2015 मध्ये पुशबॅकच्या वेळी, म्हणजे विमान मागे ढकलताना, एक टेक्निशियन इंजिनमध्ये ओढला गेला होता.

बाकी पोलीस व्हेरिफिकेशन आणि एंट्री पासला वेळ लागतो, कागद आधीच जमवा. ट्रॅक्टर चालवायचा तर एअरसाइड परमिट (विमानांच्या आवारात गाडी चालवायचा परवाना) वेगळं काढावं लागतं. आणि रोज दांडी उभी केल्यावर ट्रॉलीला गुडघ्याने एकदा ढकलून बघा, हलली तर तिथून जायचं नाही.