दिव्यांचं भरतकाम: वाहक दोरा वापरताना या चुका टाळा

तोरण भरून झालं, सेल बसवला आणि पाचपैकी दोनच फुलं उजळली. किंवा पाचही उजळली, पण दारावर टांगताच विझली. अशा वेळी हात आधी एलईडी बदलायला जातो. दोष मात्र बहुतेक वेळा टाक्यात, गाठीत किंवा कापडाच्या मागे सुटलेल्या दोऱ्याच्या टोकात असतो. वाहक दोरा म्हणजे वीज वाहून नेणारा धातूचा दोरा, एक उघडी तारच. तिच्यावर प्लास्टिकचं आवरण नाही. जिथे टेकेल तिथून वीज जाते, जिथे सैल राहील तिथे अडते.

उदाहरणासाठी ९० सेंटिमीटर रुंदीचं कापडी तोरण घेऊ. दर १८ सेंटिमीटरवर एक अशी पाच फुलं, प्रत्येकात एक एलईडी, एका कोपऱ्यात ३ व्होल्टचा सीआर२०३२ बटण सेल आणि तीनपदरी स्टेनलेस स्टीलचा दोरा.

शेवटचं फूल मंद का?

या दोऱ्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरला साधारण ३० ओहम असतो, म्हणजे १० सेंटिमीटरला ३ ओहम. तांब्याच्या तारेच्या सवयीने आखणी करणारे इथेच चुकतात. प्रत्येक एलईडी फक्त २ मिलिअँपिअर प्रवाह घेते असं धरा. सेलपासून पहिल्या फुलापर्यंतच्या दोऱ्यातून पाचही एलईडींचे १० मिलिअँपिअर जातात, पुढच्या तुकड्यातून ८, मग ६, ४ आणि २. जाण्याचा व येण्याचा दोरा मिळून एका तुकड्याचा रोध जवळपास ११ ओहम. बेरीज केली तर शेवटच्या फुलाशी पोहोचेपर्यंत व्होल्टेज ०.३ व्होल्टहून जास्त घटतं. पांढऱ्या एलईडीला नीट उजळायला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. तिला २.७ मिळाले तर ती मिणमिणणारच.

उपाय तीन. दोरा दुहेरी घ्या, म्हणजे रोध निम्मा होतो. सेल कोपऱ्याऐवजी मधल्या फुलामागे बसवा. आणि आम्हाला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे प्लसची ओळ डावीकडून सुरू करा आणि मायनसची उजवीकडून. मग प्रत्येक फुलाच्या वाट्याला सारख्याच लांबीचा दोरा येतो आणि उजेडातला फरक बराच कमी होतो. सेल मध्यावर ठेवून एक दोरा डाव्या टोकाला, दुसरा उजव्या टोकाला साध्या आवरणाच्या बारीक तारेने नेला तर हे सहज जमतं.

लाल आणि पांढरी एकत्र

लाल व पिवळ्या एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात, पांढऱ्या आणि निळ्या एलईडीला ३ च्या आसपास. एकाच ओळीत दोन्ही लावल्या की लाल बराच प्रवाह ओढून घेते आणि शेजारची निळी जवळजवळ विझते. एका सेलवर एकाच रंगाचं कुटुंब ठेवा. बटण सेलवर लाल एलईडी वेगळ्या रेझिस्टरशिवाय (प्रवाह आवरणाऱ्या छोट्या सुट्या भागाशिवाय) निभावते, कारण सेलचा आतला रोध आणि दोरा मिळून प्रवाह आवरतात. पण रात्रभर चालावं म्हणून दोन पेन्सिल सेल लावलेत, तर प्रत्येक लाल एलईडीला १०० ओहमचा रेझिस्टर हवाच.

जोडणी समांतरच करा, म्हणजे प्रत्येक एलईडी थेट प्लस आणि मायनस अशा दोन्ही ओळींना जोडा. ३ व्होल्टवर दोन पांढऱ्या एलईडी एकामागून एक जोडल्या तर त्या पेटतच नाहीत.

एका दमात शिवलेली ओळ

नवशिक्यांची हमखास चूक ही. धावदोरा घालत एलईडीच्या प्लसला वेढे दिले आणि तोच दोरा खालून मायनसकडे नेला. कापडावर ओळ सुरेख दिसते, पण वीज एलईडीत शिरतच नाही, खालच्या दोऱ्यातून सरळ निघून जाते. प्लसचा दोरा सगळ्या फुलांच्या प्लसमधून अखंड जावा, मायनसचा वेगळा, आणि दोघांत निदान १ सेंटिमीटर अंतर हवं. ओळखायला सोपं जावं म्हणून साध्या एलईडीचे पाय वळवतानाच लांब, म्हणजे प्लसच्या पायाचं गोल कडं करा आणि आखूड पायाचं चौकोनी. ओळी एकमेकींना ओलांडणारच असतील तर मध्ये फेल्टचा तुकडा टाचा.

गाठ

स्टीलचा दोरा ताठ आणि चिवट असतो. सुती दोऱ्याला पुरणारी गाठ इथे दोन दिवसांत उलगडते. कड्यातून तीन-चार वेढे घट्ट ओढून घ्या. कडं कापडावर हलता कामा नये. मग मागे त्याच जागी तीन बारीक टाके घ्या आणि गाठ मारा. टोक लगेच कापू नका. आधी दिवा लावून बघा, मग ३ मिलिमीटर ठेवून कापा आणि गाठीवर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब सोडा. गाठीआधीच नेलपॉलिश लावलं तर ते दोरा आणि कड्यामध्ये शिरतं आणि संपर्कच तुटतो.

मुख्य ओळ धावदोऱ्याचीच ठेवा, टाका ३-४ मिलिमीटरचा. साखळी टाक्यात दोरा कितीतरी जास्त जातो. नक्षी रंगीत साध्या दोऱ्याने वरून भरा, करडी ओळ तिच्याखाली झाकली जाते. मशीनवर शिवायचं असेल तर वाहक दोरा बॉबिनमध्ये आणि साधा पॉलिस्टर वर. सुई १४ किंवा १६ नंबरची. वरून घातलेला स्टीलचा दोरा सुईच्या नेढ्यात विसकटतो.

जर चालेल का?

बाजारातली बहुतेक जर म्हणजे धातूचा पातळ थर दिलेली पॉलिस्टरची फिल्म, वर लाखेसारखा लेप. मल्टिमीटर (रोध आणि व्होल्टेज मोजणारं छोटं यंत्र) लावलं तर तिच्यातून वीज जाताना दिसत नाही. चांदीची खरी जर मात्र वीज वाहते. म्हणून जुन्या पैठणीच्या काठावर वाहक दोरा टाचताना खाली अस्तर लावा, नाहीतर काठच दोन ओळी जोडून टाकेल. भारतीय धातुयुक्त ऑर्गन्झा या झिरझिरीत कापडाचा वीज वाहण्याचा हाच गुण १९९० च्या दशकात अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी सर्किटसाठी वापरला. त्या कापडात ताणा (उभे धागे) साध्या रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळलेल्या रेशमाचा असतो. त्यामुळे वीज एकाच दिशेने धावते आणि शेजारच्या धाग्यात जात नाही.

दोष शोधताना

सेल काढा. मल्टिमीटर बीपवर ठेवून प्लस आणि मायनसच्या ओळींवर टोकं टेकवा. वाजलं तर शॉर्ट आहे, म्हणजे दोन्ही ओळी कुठेतरी एकमेकींना टेकल्यात, आणि बहुतेक वेळा मागचं एखादं मोकळं टोक शेजारच्या ओळीला टेकलेलं सापडतं. सेल गरम लागणं ही त्याचीच खूण. नाही वाजलं तर रोधावर ठेवून सेलच्या घरापासून एकेका कड्यापर्यंत मोजत जा. अंगठ्याने दाबल्यावर आकडा उडी मारत असेल तर वेढे सैल आहेत, ते उसवून पुन्हा घाला. शेवटी सेल लावून सर्वांत दूरच्या एलईडीवर व्होल्टेज मोजा.

घडी घालून ठेवताना सेल काढूनच ठेवा. घडीत दोन ओळी टेकल्या की तो रिकामा होतो. धुताना सेल बाहेर, थंड पाणी, सौम्य साबण, पिळणं नाही, आणि पूर्ण वाळल्याशिवाय सेल आत नाही. चांदीचा मुलामा असलेला नायलॉन दोरा वापरला असेल तर ब्लीच आणि गरम इस्त्री दोन्ही टाळा. आणि सेलचं घर स्क्रूने बंद होणारं घ्या. लहान मुलाने बटण सेल गिळला तर दोन तासांच्या आतच अन्ननलिका भाजू शकते, त्यामुळे संशय आला तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठावं.