बिलिंग अ‍ॅपचे रिव्ह्यू वाचताना आधी तारखा बघा

सोलापुरात चाटी गल्लीतलं कापड दुकान असो की अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, बिलिंग अ‍ॅप निवडताना ४.५ स्टार दिसले की बरेच जण पुढे वाचतच नाहीत. पण पाच स्टार अनेकदा घाईत पडतात. पहिलं बिल निघालं की अ‍ॅपच रेटिंग मागतं. तोवर त्या माणसानं त्यातून एकही जीएसटी रिटर्न भरलेलं नसतं.

आधी क्रम बदला. प्ले स्टोअर सुरुवातीला ‘संबंधित’ रिव्ह्यू दाखवतं. तिथं ‘नवीन’ निवडा आणि दोन-तीन स्टारवाले वाचा. एक स्टारवाल्यांत बहुधा राग जास्त, माहिती कमी.

मग अडचणीच्या तारखा गाठा. मासिक जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या रिटर्नची) मुदत ११ तारीख, म्हणून दर महिन्याचे ९ ते ११ चे रिव्ह्यू. १ एप्रिलला बिलांची नवी मालिका सुरू होते, तेव्हाचेही. सगळ्यात बोलकी तारीख मात्र २२ सप्टेंबर २०२५. त्या दिवशी चादरी-टॉवेलसाठी ५ टक्के जीएसटीची मर्यादा नगामागे १,००० वरून २,५०० रुपयांवर गेली. १,२०० च्या चादरीवर आदल्या दिवशी १२ टक्के, त्या दिवशी ५. नुसता दर बदलून भागत नव्हतं, किमतीची अटही बदलायची होती. त्या आठवड्यात लोकांनी काय लिहिलं आणि अपडेट कधी आलं, एवढ्यावर निम्मी नावं गळतात.

एकाच दिवशी ‘बेस्ट अ‍ॅप’, ‘नाइस’ असे ढीगभर रिव्ह्यू दिसले तर सोडून द्या. तक्रारी एकदम आल्या तर मात्र थांबा, सर्व्हर खरंच बंद पडलेला असू शकतो. खऱ्या तक्रारीत फोनचं मॉडेल, प्रिंटर, नेमकी अडलेली पायरी असते. प्रत्येकाला ‘आम्हाला मेल करा’ हेच उत्तर चिकटवणारी कंपनी टाळलेली बरी.

तुलना करणाऱ्या काही साइट रिव्ह्यूसाठी गिफ्ट कार्ड देतात. रिव्ह्यूवर तसं लिहिलेली खूण शोधा. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे ऑनलाइन रिव्ह्यूंचं मानक आहे, पण ऐच्छिक.

शेवटी दोन-तीन अ‍ॅप उरली की फुकटच्या मुदतीत चार बिलं करा: २,५०० च्या खालची आणि वरची चादर एकाच बिलात (५ आणि १८ टक्के लागले पाहिजेत), कर्नाटकातल्या विजयपूरच्या व्यापाऱ्याला आयजीएसटीचं (परराज्यातल्या विक्रीवरच्या जीएसटीचं) बिल, परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट, आणि नेट बंद करून एक. सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून बघा. तो निघत नसेल तर वर्षाचे पैसे भरू नका.