वर्षाचा वाचनसंकल्प नेमका कुठे अडतो? या चुका टाळा

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आकडा ठरतो. ५२. आठवड्याला एक पुस्तक, हिशोब सोपा. फेब्रुवारीत तो डळमळतो, एप्रिलमध्ये आपण त्याच्याकडे बघणं सोडून देतो आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा तोच आकडा लिहितो. मी हे सलग तीन वर्षं केलं. चौथ्या वर्षी मात्र वहीत प्रत्येक पुस्तक सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख टिपायला लागले. वर्षअखेरीस त्या तारखा चाळल्या आणि जरा चक्रावले. पुस्तक वाचायला मला फारसा वेळ लागतच नव्हता. बहुतेक पुस्तकं सहा-सात दिवसांत संपली होती. दिवस वाया गेले होते ते एक पुस्तक मिटल्यापासून दुसरं उघडेपर्यंत. कुठे नऊ दिवस, कुठे चक्क तीन आठवडे.

म्हणजे रडगाणं वेगाचं नव्हतंच. पुढे ज्या चुका सांगतेय त्यातल्या बऱ्याचशा या मधल्या फटीत सापडतील.

आकडा आधी, हिशोब नंतर

आधी ५२ चाच हिशोब करू. पुस्तक सरासरी २५० पानांचं धरलं तर १३,००० पानं होतात, म्हणजे दिवसाला साधारण ३६. तासाला ३० पानं या गतीने रोज जवळजवळ सव्वा तास. आणि रोज म्हणजे खरोखर रोज. आजारपण, प्रवास, घरातली गडबड, सगळं धरून.

याउलट करून बघा. एक आठवडा नेहमीसारखंच वाचा, मुद्दाम काही वाढवू नका, फक्त मिनिटं लिहून ठेवा. रोजची सरासरी २५ मिनिटं निघाली तर दिवसाला साडेबारा पानं, वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास, म्हणजे १८ पुस्तकं. हा तुमचा खरा आकडा. त्यात हौसेने दोन-तीन वाढवायला हरकत नाही, चौतीस वाढवायला आहे.

जून संपताना गणित बिघडलेलं दिसलं तर सरळ आकडा बदला. ५२ पैकी १४ झाली असतील तर उरलेल्या २६ आठवड्यांत ३८ वाचायची, म्हणजे आठवड्याला दीड. आतापर्यंत आठवड्याला अर्धंच जमत होतं. हे होणार नाही. आकडा तुम्हीच लिहिला होता, तो खोडायचा हक्कही तुमचाच.

बारीक पुस्तकांची पळवाट

गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर २०११ पासून वार्षिक वाचनाचं आव्हान असतं. वर्षाचा आकडा तिथे नोंदवला की तुम्ही ठरल्या गतीच्या किती पुस्तकं मागे आहात, हे ते सांगत राहतं. ‘सहा पुस्तकं मागे’ असं दिसलं की माणूस शहाणपणाने वागत नाही. तो शंभर-सव्वाशे पानांची पुस्तकं शोधायला लागतो. मीही शोधली. त्यात मेक्सिकोच्या हुआन रुल्फो यांची १९५५ सालची ‘पेद्रो पारामो’ हाती लागली. म्हटलं, दोन संध्याकाळींचं काम. या कादंबरीत मेलेली माणसं बोलतात, काळ कुठल्याही परिच्छेदात मागे-पुढे सरकतो आणि कोण बोलतंय हे अर्ध्या वेळा उशिरा कळतं. दहा दिवस गेले. मग पहिल्या पानावर परतून पुन्हा वाचली, तेव्हा कुठे ती उघडली.

पुस्तक बारीक आहे म्हणून ते लवकर संपेल असं नाही. पुस्तकांऐवजी पानं किंवा तास मोजायला घेतले की ही पळवाट आपोआप बंद होते, जाडजूड कादंबरीला हात लावायची भीतीही जाते. ज्याला दरवर्षी एखादं हजार पानी पुस्तक वाचायचंय, त्याने पुस्तकांची संख्या मोजूच नये.

पुढचं पुस्तक हाताशी नसणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि कोणी तिला चूकच समजत नाही. पुस्तक संपतं, आपण एक-दोन दिवस त्याच्या तंद्रीत असतो. तिथवर ठीकच आहे. मग ‘आता काय वाचू’ म्हणून फोन हातात घेतो आणि याद्या वाचण्यात आठवडा जातो. याद्या वाचण्यालाही वाचन म्हणायचं ठरवलं तर माझा आकडा कधीच चुकला नसता.

उपाय साधा आहे. चालू पुस्तकाची ५० पानं उरली की पुढचं पुस्तक निवडायचं, आणायचं आणि त्याची पहिली दोन पानं वाचून टाकायची. नुसतं उशाशी ठेवून भागत नाही, पानं वाचावी लागतात. कारण अडखळतो आपण पुस्तक निवडताना नव्हे, अनोळखी पहिल्या पानाशी.

जगभरातलं साहित्य वाचायचं ठरवलं की ही फट आणखी रुंदावते, कारण पुस्तक सुचणं आणि ते मिळणं यात बरंच अंतर असतं. ब्रिटिश लेखिका ॲन मॉर्गन यांनी २०१२ मध्ये वर्षभरात प्रत्येक देशाचं एक पुस्तक वाचायचं ठरवलं. यादीत १९६ देश होते. म्हणजे आठवड्याला जवळपास चार पुस्तकं, आणि तरी खरी कसरत वाचण्याची नव्हती, पुस्तकं मिळवण्याची होती. साओ तोमे आणि प्रिन्सिपे या छोट्या देशाचं इंग्रजीत काही मिळेना, तेव्हा स्वयंसेवकांनी पोर्तुगीजमधला एक कथासंग्रह खास त्यांच्यासाठी भाषांतरित करून दिला. तुमच्याआमच्यासाठी असं कोणी करणार नाही. म्हणून ज्या देशाचं पुस्तक मिळायला अवघड, त्याचा शोध तीन महिने आधी सुरू करायचा आणि तोवर दुसरं वाचत राहायचं.

देशांची यादी आणि तिच्या भानगडी

‘यंदा वीस देश’ असं ठरवलं की पहिला वाद स्वतःशीच होतो. हे पुस्तक कोणत्या देशाचं धरायचं? अब्दुलरझाक गुर्ना आजच्या टांझानियातल्या झांझिबारमध्ये जन्मले, आयुष्य ब्रिटनमध्ये गेलं, लिहितात इंग्रजीत. २०२१ चं नोबेल मिळालं तेव्हा टांझानिया आणि ब्रिटन दोघांनाही ते आपले वाटले असतील. मिलान कुंदेरा चेक, १९७५ पासून फ्रान्समध्ये, आणि पुढे कादंबऱ्याही फ्रेंचमध्ये लिहू लागले. जानेवारीतच एक नियम करा. मी कथा जिथे घडते तो देश धरते. तुम्ही लेखकाचा जन्म धरा, किंवा मूळ भाषा. नियम कोणताही चालेल, ऑक्टोबरमध्ये तो सोयीने वाकवू नका, एवढंच.

देशांऐवजी भाषा मोजणं मला जास्त पटतं. वीस देशांची वीस पुस्तकं वाचून झाल्यावर लक्षात येतं की त्यातली चौदा मुळातच इंग्रजीत लिहिलेली होती. नकाशावर रंग भरले, पण वाट एकच.

दुसरी भानगड अशी की परका देश म्हटलं की आपण युद्ध, निर्वासित, दुष्काळ, छळ एवढंच निवडतो, वर ते पुरस्कारप्राप्त असलं की अगदी पुण्य पदरात. अशी सात पुस्तकं ओळीने वाचली की आठवं उघडायची इच्छाच मरते, आणि आपल्याला वाटतं वाचनाचा कंटाळा आला. कंटाळा वाचनाचा नसतो, एकाच सुराचा असतो. त्या देशातले लोक गाडीत बसून वेळ घालवायला काय वाचतात? रहस्यकथा, विनोदी लेखन, खेळाडूंची आत्मचरित्रं. तीही यादीत हवीत.

एका देशाला एक पुस्तक

इथे जरा थांबते, कारण ही चूक मी सर्वांत जास्त काळ केली. नायजेरिया म्हणजे चिनुआ अचेबे यांची १९५८ ची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’. वाचली, देशापुढे खूण केली, पुढे गेले. वीस कोटींहून जास्त लोकांचा, पाचशेहून जास्त भाषांचा देश, आणि मी तो दोनशे पानांत उरकला.

नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अडिची यांनी २००९ च्या भाषणात याच सवयीवर बोट ठेवलं होतं. शिकायला अमेरिकेत गेल्यावर खोलीतल्या मैत्रिणीने त्यांना विचारलं, इतकं छान इंग्रजी कुठे शिकलीस? नायजेरियाची अधिकृत भाषाच इंग्रजी आहे. मग तिने त्यांच्याकडचं आदिवासी संगीत ऐकायला मागितलं, तर निघाली अमेरिकन पॉप गायिका मरायह कॅरीची कॅसेट.

यावर उपाय म्हणून कोणी प्रत्येक देशाची दहा पुस्तकं वाचायला सांगेल, पण ते व्हायचं नाही. मी वर्षाला एकच देश निवडते आणि त्यात साखळी धरते. नायजेरियाचीच साखळी बघा. अचेबेंच्या कादंबरीत इग्बो समाज दिसतो, पण बायका बऱ्याचशा अंगणाच्या कडेला. फ्लोरा न्वापा यांनी आपल्या कादंबरीचं हस्तलिखित अचेबेंना पाठवलं, त्यांना ते आवडलं आणि त्यांच्यामार्फत ते लंडनच्या प्रकाशकाकडे पोचलं. १९६६ मध्ये ‘एफुरू’ आली. तिची नायिका व्यापार करणारी, गावात मान असलेली, आणि शेवटच्या ओळींत लेखिका मातृत्वाच्या आनंदाबद्दल एक प्रश्न सोडून देते. तो शब्दप्रयोग बुची एमेचेटा यांनी उचलला आणि १९७९ च्या आपल्या कादंबरीला नाव दिलं, ‘द जॉइज ऑफ मदरहुड’. हे शीर्षक किती उपरोधिक आहे ते पुस्तक वाचल्यावरच कळतं.

तीन पुस्तकं, एकच समाज, आणि प्रत्येक पुस्तक आधीच्याला काहीतरी उत्तर देणारं. या तिन्हींच्या मध्ये माझी फट एका दिवसाची होती. पुढचं पुस्तक शोधावंच लागलं नाही, आधीच्याने हाताला धरून नेलं. तेव्हापासून बाकीचे देश मी खुशाल एकेका पुस्तकावर सोडते. निदान एका देशात तरी वर्षभर मुक्काम झालेला असतो.

‘परकं साहित्य रुचत नाही’ म्हणण्याआधी

तीसेक पानांनंतरही वाक्यं घशाखाली उतरत नसतील तर दोष लेखकाचा आहे की भाषांतराचा, ते आधी तपासा. त्याच पुस्तकाचं दुसरं भाषांतर असेल तर दोन्हींची पहिली दोन पानं शेजारी ठेवून वाचा. फरक कळायला मूळ भाषा यावी लागत नाही. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर भाषांतर कोणत्या भाषेतून झालं तेही पाहा. अल्बानियाच्या इस्माइल कादारे यांच्या कितीतरी कादंबऱ्या इंग्रजीत आल्या त्या अल्बानियनमधून नव्हे, फ्रेंचमधून. तशी पुस्तकं वाईट असतात असं नाही, पण दोन भिंतींपलीकडून आवाज येतोय हे माहीत असलेलं बरं.

भाषांतर करणाऱ्याचं नाव लक्षात ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. भाषांतरित पुस्तकाला मिळणाऱ्या इंटरनॅशनल बुकर पुरस्काराची रक्कम लेखक आणि भाषांतरकार यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. २०२२ मध्ये गीतांजली श्री यांच्याबरोबर डेझी रॉकवेल यांनाही ती मिळाली. आवडलेल्या पुस्तकाच्या भाषांतरकाराने आणखी काय आणलंय ते बघा, पुढचं पुस्तक बऱ्याचदा तिथे मिळतं. आणि मराठीत आलेलं असेल तर मराठीतच वाचा. राम पटवर्धनांचं ‘पाडस’ वाचताना ते अमेरिकेतलं पुस्तक आहे म्हणून कोणी अडखळल्याचं मी तरी ऐकलं नाही. इंग्रजीतून वाचलं तरच जागतिक, हा गैरसमज फार लोकांचा वेग खातो.

नावांचा गोंधळ हे आणखी एक कारण. रशियन कादंबरीत एकच माणूस नाव आणि पितृनामासकट येतो, दुसरा त्याला आडनावाने हाक मारतो आणि आई लाडाच्या नावाने. अलेक्सांद्रचा साशा होतो आणि आपण नवीन पात्र आलं समजतो. खुणेच्या कागदावर नावं लिहा. त्या देशाचा इतिहास आधी वाचून घेण्याच्या फंदात मात्र पडू नका. पंधरा मिनिटं आणि एक नकाशा पुरे, नाहीतर पुस्तकाऐवजी विश्वकोशच वाचून होतो.

सोडून देता न येणं

सुरू केलेलं पुस्तक संपवलंच पाहिजे, या हट्टाने माझे दोन उन्हाळे खाल्ले. अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम मला आवडतो. वय पन्नासपर्यंत असेल तर पुस्तकाला ५० पानं द्या. पुढे शंभरातून वय वजा करा आणि उरतील तेवढीच पानं द्या. सत्तरीच्या माणसाने तीस पानांत निकाल लावावा. मी यात एक भर घातलीय. सोडलेल्या पुस्तकाचं पान आणि कारण वहीत लिहिते. ‘भाषांतर बोजड’, ‘चुकीच्या वेळी घेतलं’, ‘लेखक फार शहाणा’. वर्षाने वाचलं तर आपली आवड या नोंदींतून जास्त कळते.

एका नोंदीत ‘पान ८८, नावं गोंधळली’ असं आहे. तीन वर्षांनी तेच पुस्तक गेल्या महिन्यात पुन्हा काढलं, या वेळी खुणेच्या कागदावर सगळ्यांची नावं लिहीत. सध्या पान २१० वर आहे, म्हणजे आता ५० च उरली. पुढचं पुस्तक आज रात्री ठरवायला हवं.